देशाला जमीन पुरेल का?

(तालुका शिबिरात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर वाचून दाखवावे.)



मला बोलायला विषय दिला तो असा, की देशाकडे पुढच्या काळाला पुरेल एवढी शेतजमीन आहे का. विषय ऐकून एक-दोन म्हातारी माणसं म्हणाली, पोरी, हा दिल्लीवाल्यांचा विषय, आपल्याला आपला पाडा पुरे. पण मी सांगते, हा विषय आपलाच आहे. आपण दळीचा दावा घेऊन गेलो की उत्तर काय मिळतं? "माणसं वाढली, जमीन वाढत नाही. सगळ्यांना जमीन कुठून आणायची?" आणि धरणाला, कारखान्याला, मोठ्या रस्त्याला जमीन लागली की हीच माणसं सांगतात, "देशाला गरज आहे, तुम्ही सोडा." म्हणजे आपल्याला द्यायची वेळ आली की जमीन कमी असते, आणि आपल्याकडून घ्यायची वेळ आली की भरपूर असते. हे काय गणित आहे ते आज नीट मांडून बघू.

मी बारावीपर्यंत शिकले. कोटीचे आकडे मलाही पटकन डोळ्यासमोर येत नाहीत. म्हणून मी हेक्टरचे गुंठे करून आणलेत. ४० गुंठे म्हणजे एकर, अडीच एकर म्हणजे हेक्टर. हे सगळ्यांना माहीत आहे.

माणशी किती गुंठे?

आपला देश साधारण ३२ कोटी ८७ लाख हेक्टरचा. त्यात डोंगर आले, वाळवंट आलं, बर्फ आला, नद्या आल्या, शहरं आली. ७ कोटी हेक्टर जंगल खात्याच्या वहीत. पीक पेरलं जातं ती जमीन १४ कोटी हेक्टर. हे १४ कोटी लक्षात ठेवा.

१९५१ साली देशात माणसं होती ३६ कोटी, आणि पेरलेली जमीन ११ कोटी ८७ लाख हेक्टर. माणशी वाटून बघितली तर साडेबत्तीस गुंठे येते. नंतर वीस वर्षं जमीन वाढली, माळरान फोडलं, गवताळ जमिनी नांगराखाली आल्या, जंगलही तुटलं. १९७०-७१ ला जमीन १४ कोटी हेक्टर झाली. तिथं ती थांबली. तेव्हापासून १४ कोटीचे १५ कोटी झाले नाहीत. माणसं मात्र २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी भरली. तेव्हा माणशी किती? साडेअकरा गुंठे.

पुढं ही माणसं १६० कोटींच्या घरात जातील असा अंदाज सांगतात. जमीन १४ कोटीच राहिली तर माणशी साडेआठ गुंठे उरतील. साडेबत्तीसाचे साडेआठ.

हे ऐकून कुणालाही वाटेल की साहेब बोलतो ते बरोबर आहे. जमीन खरंच संपली. पण अर्धा हिशोब ऐकून उठायचं नाही. सावकाराच्या काळात अर्धा हिशोब ऐकून अंगठा दिला, म्हणून आपल्या आजा-पणजाच्या जमिनी गेल्या. पुढचा अर्धा आता ऐका.

जमीन आटली तरी धान्य वाढलं

१९५०-५१ साली देशात धान्य पिकलं ५ कोटी टन. माणशी वर्षाला १४० किलो. त्यात भागत नव्हतं. १९६६ साली देशानं बाहेरून एक कोटी टनाच्या आसपास धान्य आणलं, त्यातला मोठा वाटा अमेरिकेचा. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल, ती लाल मिलो ज्वारी आठवत असेल. तीही बाहेरचीच.

आणि २०११-१२ साली किती पिकलं? २५ कोटी ९० लाख टन. माणशी २१४ किलो. जमीन माणशी एक तृतीयांश उरली आणि धान्य माणशी दीडपट झालं. हे कसं झालं? एका हेक्टरात पूर्वी सव्वापाचशे किलो धान्य निघायचं, ते दोन हजार किलोच्या वर गेलं. कालव्याचं पाणी आलं, विहिरी झाल्या, नवीन बियाणं आलं, खत आलं, जिथं पाणी होतं तिथं वर्षाला दुसरं पीक निघायला लागलं.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. जमीन पुरते की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या एकराला पाणी किती, माती कशी, त्यात काय पेरतात, आणि कसणाऱ्याला ती आपली वाटते की नाही, ह्यावर ठरतं.

आता घरचा हिशोब करू. माणशी २१४ किलो. त्यातलं बियाण्याला, जनावराला आणि नासाडीला आठवा हिस्सा काढून टाका. तरी पाच माणसांच्या घराला वर्षाला ९ क्विंटलच्या वर धान्य येतं. आपल्या किती घरांतल्या कणगीत ९ क्विंटल असतात? भात-नागली दिवाळीपर्यंत, फार तर होळीपर्यंत पुरते. मग वीटभट्टी, मग वाळूचं काम, मग आगाऊ उचल. पोरं आईबापाबरोबर भट्टीवर आणि शाळेच्या पटावर गैरहजर.

२०१२ च्या उन्हाळ्यात सरकारी गोदामांत ८ कोटी टन धान्य होतं. ठेवायला जागा नव्हती. पोती ताडपत्रीखाली उघड्यावर, काही पावसात सडली. त्याच वर्षांत हा देश जगात सगळ्यात जास्त तांदूळ बाहेर विकणारा देश झाला. आणि त्याच देशात पाच वर्षांच्या आतल्या शंभर पोरांतली ४२ पोरं वजनानं कमी, हे सरकारनंच २००५-०६ मध्ये मोजलेलं आहे. आपल्या जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी कुणी विसरलं नसेल. १९९२-९३ ला तिथं पोरं गेली, मग मंत्री आले, गाड्या आल्या, डॉक्टर आले. त्या वर्षी काय देशात धान्य पिकलं नव्हतं? पिकलं होतं. वावर-वांगणीला ते विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि पिकवायला जी जमीन होती ती कागदावर त्यांची नव्हती.

म्हणजे आजची उपासमार जमीन कमी आहे म्हणून नाही. आज धान्य आहे, वाटणी नाही.

मग पुढची चिंता खोटी आहे का?

नाही, खोटी नाही. इथं आपण नीट बोललं पाहिजे. आपल्यातले काही जण भाषणात म्हणतात की जमीन भरपूर आहे, फक्त श्रीमंतांनी दाबून ठेवली. हे अर्धं खरं आहे. २०१०-११ ची मोजणी सांगते की शंभर शेतकऱ्यांत ८५ जण दोन हेक्टरच्या आतले होते, आणि त्यांच्याकडं शंभरातली ४५ एकर सुद्धा धड नव्हती. ती वाटणी चुकीचीच आहे, त्यासाठी लढायचंच. पण सगळी जमीन सारखी वाटली तरी २०११ च्या हिशोबानं माणशी साडेअकरा गुंठेच येणार. म्हणून दुसरं पण बघितलं पाहिजे.

ज्या भागानं देशाला धान्य दिलं तो भाग आता दमला. पंजाबात जवळजवळ सगळ्या शेताला पाणी आहे, पण ते जास्त करून जमिनीखालून उपसलेलं. पाण्याची पातळी दरवर्षी खाली जाते. बोअर खोल, मोटर मोठी, कर्ज मोठं. तिथून आणखी दुप्पट धान्य निघेल अशी आशा करता येत नाही.

मग वाढ कुठून होणार? देशातल्या पेरलेल्या शंभर एकरांत २०१०-११ ला ५५ एकर नुसत्या पावसावर होती. आपल्या महाराष्ट्रात तर शंभरात ८० च्या वर पावसावर. पुढचं धान्य ह्या कोरडवाहू शेतातूनच वाढवावं लागणार, दुसरी जागा नाही. आणि कोरडवाहू शेत कुणाकडं आहे? आपल्याकडं. आदिवासीकडं, डोंगरकपारीत राहणाऱ्याकडं, लहान शेतकऱ्याकडं. देशाचं पोट पुढं भरायचं असेल तर आपल्या बांधापर्यंत यावं लागेल. आपण उपकार मागायला उभे नाही, हे समजून घ्या.

एक बाहेरचं उदाहरण सांगते. चीनमध्ये २०११ साली माणसं आपल्यापेक्षा जास्त होती आणि लागवडीची जमीन आपल्यापेक्षा कमी, १२ कोटी हेक्टरच्या आसपास. एका घराकडं सरासरी दीड एकर. तरी धान्य आपल्या दुपटीच्या आसपास काढतात. तिथं १९७८ नंतर एकेका कुटुंबाला जमीन कसायला वाटून दिली, त्यानंतर पीक जोरात वाढलं. आणि सरकारनं ठरवून टाकलं की १२ कोटी हेक्टरच्या खाली शेतजमीन जाऊ द्यायची नाही. त्यांचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. खत एवढं टाकलं की माती आणि पाणी बिघडलं. ते आपण उचलायचं नाही. पण दीड एकरवाला पण देश पोसू शकतो, हे तिथं दिसलं. लहान तुकडा म्हणजे वाया गेलेला तुकडा, असं कुणी बोललं तर हे सांगा.

जमीन कुठं गळते?

घराचं कौल फुटलं तर आपण आधी गळती बघतो. तसं जमिनीचं बघू.

पहिली गळती सिमेंटची. १९५०-५१ ला शेतीशिवाय दुसऱ्या कामाला लागलेली जमीन देशात ९४ लाख हेक्टर होती. २०१०-११ ला ती २ कोटी ६० लाख हेक्टरच्या वर गेली. म्हणजे वाढ झाली एक कोटी ७० लाख हेक्टर. अख्ख्या महाराष्ट्रात जेवढी जमीन पेरली जाते, जवळपास तेवढी. त्यात शाळा, रस्ते, कालवे, गावठाणंही आली. ती सगळी जमीन सुपीक होती असंही नाही. पण ज्याला जमीन घ्यायची असते तो खडकाळ माळ घेत नाही. त्याला रस्त्यालगतची, सपाट, पाण्याजवळची पाहिजे. पेण तालुक्यात महामुंबई सेझला अशीच जमीन पाहिजे होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली, भात पिकवणारी. तिथले शेतकरी, आगरी, कोळी, आदिवासी सगळे उभे राहिले. २००८ च्या सप्टेंबरात सरकारला गावागावांत लोकांचं मत घ्यावं लागलं, आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं. ती जमीन राहिली. म्हणून मी म्हणते, जमीन वाचवणं म्हणजे देशाच्या आड येणं नाही. त्या शेतकऱ्यांनी देशाचा तांदूळ वाचवला.

दुसरी गळती पाण्याची. आपल्या जव्हार-मोखाड्यात ८०-१०० इंच पाऊस पडतो. आणि मार्च लागला की बाया डोक्यावर हंडा घेऊन दरीत उतरतात. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आता मोखाड्यात मध्य वैतरणा, बहुतेक पाणी मुंबईला. मुंबईच्या माणसाला पाणी मिळू नये असं आपण म्हणत नाही, तिथं आपलीही माणसं राबतात. पण धरणाच्या भिंतीखालच्या गावाला टँकर, आणि त्याच गावाची जमीन "कमी पिकाची" म्हणून हिणवायची, हे कसं? घाटावर बघा. राज्यात पेरणीच्या शंभर एकरांत ऊस चार-पाच एकरच, पण सिंचनाच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी त्यालाच. ते पाणी ज्वारी-हरभऱ्याला वाटलं असतं तर किती एकर भिजली असती? एका पाण्यानं ज्वारी वाचते. म्हणून जमीन कमी आहे असं बोलणाऱ्याला विचारा, पाणी कुणाच्या शेतात आहे?

तिसरी गळती पडीक जमिनीची. देशात अडीच कोटी हेक्टरच्या आसपास जमीन पडीक राहते. काही एक वर्ष, काही कायमची. कुणी पाण्याअभावी टाकलेली, कुणी शहरात राहून गुंतवणूक म्हणून कुंपण घातलेली. आपल्या भागात फार्महाऊसची कुंपणं रस्त्याच्या दोन्ही बाजूला दिसतात. आत आंब्याची दहा कलमं, एक बंगला, एक कुत्रा आणि राखणीला आपलाच एक माणूस. पूर्वी तिथं भात व्हायचा. ह्या जमिनीला कुणी अतिक्रमण म्हणत नाही.

आपली दळी हिशोबात का धरत नाहीत?

आपण कसतो त्या डोंगराच्या जमिनीला कागदावर जंगल म्हणतात. तिथं नागली होते, वरई होते, उडीद, खुरासणी, तूर होते. पण जंगलखात्याच्या नकाशात ती शेती नाही, आणि आपण शेतकरी नाही, अतिक्रमणवाले. म्हणजे जे पीक आपण खातो ते देशाच्या हिशोबातही धड येत नाही.

आणि पीक कसलं? शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहा. हे शाळेच्या पुस्तकातलं आहे. बाळंतिणीला नागलीची पेज आपल्या आज्या का द्यायच्या ते त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. नागलीला कालवा लागत नाही, उतारावर येते, कणगीत वर्षानुवर्षं टिकते. पुढं पाऊस लहरी होणार असं सगळे सांगतात. तेव्हा कुठलं पीक कामाला येईल? तरी देशात नागलीचं क्षेत्र साठच्या दशकापेक्षा निम्म्यावर आलं. रेशनला गहू-तांदूळ, भाव गहू-तांदळाला. नागलीला विचारतो कोण?

राज्यात २०१३ पर्यंत वनहक्काचे दावे झाले होते साडेतीन लाखांच्या आसपास. तोवर मंजूर झाले होते एक लाखाच्या आसपास. बाकीच्यांपैकी बहुतेक फेटाळले होते. समजा सगळे मंजूर केले आणि प्रत्येकाला सरासरी एक हेक्टर धरली, तरी साडेतीन लाख हेक्टर होतात. राज्यात २०१०-११ ला पेरली जायची एक कोटी ७४ लाख हेक्टर. शंभरातले दोन! ह्या दोन एकरांनी देशाचं जंगल संपतं आणि देशाची जमीन संपते? आणि ही काही नवीन द्यायची जमीन नाही. ती आजही नांगराखाली आहे, तीन-तीन पिढ्या आहे. फक्त नाव लावायचं आहे.

नाव लावल्यानं काय होतं? बांध होतो. ज्या जमिनीवरून उद्या हाकलतील, तिच्यात दगड कोण रचणार? आंबा-काजू कोण लावणार? पाच वर्षांनी फळ येईल तेव्हा आपण तिथं असू की नाही ठाऊक नाही. म्हणून माती वाहून जाते, आणि मग तोच साहेब बोट दाखवतो की बघा, आदिवासीनं डोंगर उघडा केला. ज्यांना वनहक्काचं पत्र मिळालं त्यांच्या शेतावर रोजगार हमीतून बांधबंदिस्ती करता येते. ज्यांनी ती केली त्यांचं शेत बघून या. खाचर झालं, भात झाला. जमीन तीच, एकर तेवढेच. हातात कागद आला आणि बांध पडला म्हणून पीक वाढलं. देशाला पुढं जमीन पुरवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हा आहे.

जंगलाबद्दल पण स्पष्ट बोलते. सगळा डोंगर नांगरायचा असं आपलं म्हणणं नाही. कायद्यात तारीख १३ डिसेंबर २००५ आहे, त्यानंतरच्या नवीन तोडीला आपण पाठिंबा देत नाही. जंगल राहिलं तर ओढा राहतो, ओढा राहिला तर खाचराला पाणी. आणि आपलं जेवण फक्त नांगराखालच्या जमिनीतून येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळी, मग लोत, कंद, मोहाची फुलं, ओढ्यातले खेकडे-मासे, हे कुठल्या हेक्टरात मोजणार? म्हणून वैयक्तिक दाव्याबरोबर सामूहिक वनहक्काचा दावा पण करायचा. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला, आणि बांबूचा कारभार ग्रामसभा करते. ते करू शकतात तर आपण का नाही?

थोडं आपल्या घरातलं

आता कडू बोलते. रागवू नका.

जमीन बाहेरचा नेतो हे खरं, पण दार आतून उघडतो कोण? शंभराच्या स्टँपवर सही करून शेत गवतवाल्याला पाच-पाच वर्षं दिलं, भाताच्या खाचराची माती वीटभट्टीला विकली, हे आपल्याच पाड्यांवर झालं. माती गेली की खाचर पुन्हा तयार व्हायला एक माणूसजात पुरत नाही. मुलाच्या लग्नाला पैसे पाहिजे होते, दवाखाना होता, हे मला कळतं. म्हणूनच पाड्यावर धान्यकोष पाहिजे, बचत गट पाहिजे, म्हणजे अडीनडीला जमिनीला हात लागणार नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि वनहक्काची जमीन तर कुणालाच विकता येत नाही. ती वारसाला जाते. दलाल सांगतो तो स्टँप खोटा समजायचा.

दुसरं बायांबद्दल. नागली निंदते बाई, आवणी करते बाई, बी राखते बाई. कायद्यानं पत्र नवरा-बायको दोघांच्या नावावर पाहिजे. कागद आला की बघा, तुमचं नाव आहे का. नसलं तर तिथंच बोला. जिच्या नावावर जमीन आहे तिला विचारल्याशिवाय शेत दारूत जात नाही.

तिसरं माझ्या वयाच्या पोरांना. शिकलो म्हणजे शेत हलकं काम झालं असं समजू नका. कंपनीत कंत्राटावर अकरा महिने, मग घरी. तेव्हा पोट कुठल्या जमिनीवर भरणार? नोकरी करा, जरूर करा. पण शेताचा नकाशा, गट नंबर, दाव्याचा नंबर पाठ असला पाहिजे. आईबापाला कागद वाचून दाखवायचं काम आपलं आहे.

ग्रामसभेच्या आधी करायची कामं

एक. ज्याचा दावा फेटाळला त्यानं लेखी कारण मागायचं. कारण सांगणं बंधनकारक आहे. निर्णय हातात पडल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडं अपील करता येतं. तारीख लिहून ठेवा. तोंडी "नंतर बघू" ह्यावर थांबायचं नाही.

दोन. ज्याच्या पत्रात जमीन कमी लागली, म्हणजे कसतो दोन एकर आणि कागदावर पंधरा गुंठे, त्यानं गप्प बसायचं नाही. जेवढी प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढी, चार हेक्टरच्या मर्यादेत, द्यायची असं कायदा सांगतो. वनहक्क समितीनं शेजाऱ्यांना घेऊन हद्द पुन्हा पाहायची, नकाशा काढायचा, ठराव करायचा.

तीन. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा काढला असं सांगितलं, तर २०१२ चे सुधारित नियम दाखवा. फोटो हा जोडपुरावा आहे, एकटा फोटो चालत नाही. जुना बांध, विहीर, घराचा चौथरा, लावलेलं झाड, दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसाचा जबाब, हे सगळे पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त जोडा. म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब लिहून घ्या.

चार. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही शेतातून हटवता येत नाही. हे कलम ४(५). नंबर पाठ करा.

पाच. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक पाड्यानं निदान दहा शेतांवर बांधाचं काम मागायचं. नमुना ४ भरून पोच घ्यायची.

सहा. नागली-वरईचं जुनं बी कुणाच्या घरात आहे त्याची यादी करायची, आणि पावसाच्या आधी वाटून घ्यायचं.

देशाला जमीन पुरेल का, ह्याचं माझं उत्तर असं आहे. पुरेल. पण चांगली जमीन सिमेंटखाली घातली, पाणी थोड्यांच्या शेतात सोडलं, आणि कसणाऱ्याला अतिक्रमणवाला म्हणून डोंगरावरून हाकललं, तर दुप्पट जमीन असती तरी पुरली नसती. माणशी साडेआठ गुंठे उरतील तेव्हा एकेक गुंठ्याला बांध लागेल, पाणी लागेल, राखणारा माणूस लागेल. तो माणूस डोंगरात आजही उभा आहे. त्याच्या नावाचा कागद घेतल्याशिवाय आपण थांबायचं नाही.

पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे. येताना दाव्याचे कागद घेऊन या.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!